शेपूट

आधी गाडी तासभर आत उभी राहू दे, येगोर.
हीटर तिच्या तोंडाशी धर, आपण चहा घेऊ.
उणे एकोणीसला प्लास्टिक हट्टाला पेटतं,
वाकण्याआधी मोडतं,
आणि या क्लिपा इथे मिळत नाहीत,
समुद्र ओलांडून येतात,
गाडी आली तशाच.

बघ, स्टिअरिंग उजवीकडे.
व्लादिवोस्तोकात निम्मं गाव असंच
रस्त्याच्या उलट्या अंगाला बसून चालवतं,
पुढे जायचं तर शेजारच्याला विचारतं,
"येतंय का रे कोणी?"
व्हेनियामिन क्लिमोविचच्या शेजारी हल्ली कोणी बसत नाही.
मासळीच्या शीतगृहावर रात्रपाळी;
परवा सकाळी बाहेर आला तर दार चेपलेलं,
ना चिठ्ठी ना पावलं,
वरून बर्फ पडून गेलेला.
म्हणून हा कॅमेरा.
"डोळा दिसला तर दिसू दे," म्हणाला,
"शेपूट दिसता कामा नये."

चल. छताच्या कापडाखाली बोटानेच सरकव वायर,
पट्टी नको, पट्टीला कळत नाही कुठे थांबायचं.
आता काचेकडेच्या खांबाचं कव्हर. हळू.
इथे एअरबॅग झोपलीय.
वायर तिच्या मागून, पुढून कधीच नाही.
तिला उठावं लागलंच कधी,
तर वाटेत आपला पाय नको.

फ्यूजबॉक्स उजव्या गुडघ्यापाशी.
दोन घरं शोध,
एक चावीबरोबर जागं होणारं, एक कधीच न निजणारं.
अंदाजपंचे नको, टेस्टलॅम्प लाव.
आणि अर्थ?
तो रंगावर लागत नाही.
खरवड, खालचं लोखंड दिसेपर्यंत खरवड,
मग आवळ.
कटऑफ बारा पूर्णांक दोनवर ठेव.
रात्रभर साक्ष देऊन
पहाटे गाडीच सुरू झाली नाही
तर चाटायचीय का ती साक्ष?

थांब. ही कुठली वायर?

आपली नाही.
कापडी टेप, दर चार बोटांवर एक वेढा,
इतका सारखा, की श्वास मोजून घातला असावा.
खांबातून छतात, छतातून मागे,
आणि इकडच्या टोकाला काहीच नाही,
नीट दुमडून बांधलेलं टोक.
वर कागदाचा बारीक तुकडा, जपानी अक्षरं.
पंचवीस वर्षं ह्या गाड्या उघडतेय मी,
एक अक्षर येत नाही.
"फोनला विचारू, फाइना मात्वेयेव्ना?"
विचार.

फोन म्हणाला:
मागचा कॅमेरा. नंतर जोडणे.

हीटर घरघरत राहिला.
खाली बंदरात कोणीतरी साखळी ओढत होतं.
नंतर. म्हणजे जेवून आल्यावर?
की गिऱ्हाईक पैसे घेऊन येतो म्हणाला,
आणि आलाच नाही?
गाडी विकली गेली, बोटीवर चढली,
त्याचं काम पोटात घेऊन
इथवर आली, कोणाला न सांगता.
तू म्हणालास, काढून टाकू, जागा होईल.
नको.
कात्री ठेव खाली.

मी आपली वायर तिच्या शेजारून नेली.
चार बोटं, एक वेढा.
चार बोटं, एक वेढा.
माझे वेढे जरा तिरके आले, खोटं का बोलू.
मग पावतीचा कोपरा फाडून लिहिलं:
पुढचा कॅमेरा. जोडला.
खाली तारीख,
आणि कव्हर ठोकून बसवलं. टक्, टक्, टक्.
कुठेही काही झालेलं दिसत नव्हतं.

चावी फिरवली. कॅमेऱ्याचा लाल ठिपका उघडला.
पहिलं चित्र कसलं, तर
आपलं शटर, आतून बंद,
बॉनेटवर विसरलेला चहाचा ग्लास,
आणि तू, नाक पुसत, काचेपुढून जाताना.
व्हेनियामिन क्लिमोविच हे कशाला बघतोय!
उद्या संध्याकाळपर्यंत
त्यावर रस्ता चढलेला असेल.

ग्लास उचल, बाळा.
शटर वर कर.